राणी रंगाचा डाग

जंतूंची बाजू घेणारा माणूस आमच्या सबंध नगर जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. संगमनेरच्या एका कॉलेजात जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं काढली. प्राध्यापक आले नि गेले, काचपट्ट्या मात्र शेवटपर्यंत साडूभाऊंनीच रंगवल्या. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-श्रीफळावर समाधान मानतात; यांनी मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप आणि रंगांच्या चार बाटल्या मागून घेतल्या आणि घरी आणून देवघराशेजारी मांडल्या. तेव्हापासून नात्यात कुणाला गळू झालं की त्यातल्या पुवाची एक काचपट्टी त्यांच्या लाकडी पेटीत जाते आणि तिच्या कडेला चिठ्ठीवर त्या माणसाचं पूर्ण नाव लागतं. माझ्या दोन आहेत. "बिननावाची काच आपल्या पेटीत राहायची न्हाई," असा त्यांचा कायदा आहे.

जंतू रोग करतात हे त्यांना मान्य होतं, पण त्यावरून जंतूंना कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. "आपल्या रक्तात येवढी फौज हाय, तरी ह्यो गडी एकटा आत घुसतो. काय कष्ट असतील त्याचे!" असं म्हणताना त्यांचा आवाज कातर होई. पुतणीच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या त्यांनी व्याह्यांना न्यूमोनिया समजावून सांगितला. तो जंतू अंगावर साखरेचा बुळबुळीत कोट चढवतो, म्हणून पांढऱ्या पेशींना तो धरता येत नाही. पटावं म्हणून त्यांनी व्याह्यांना आधी दोन बोटांनी चकली उचलायला लावली, मग पाकातला गुलाबजाम. गुलाबजाम निसटून विहीणबाईंच्या शालूवर पडला. "बघा, सुटला," साडूभाऊ म्हणाले आणि पुढे जेवू लागले. दुसरा एक जंतू शरीराला ओळख पटायच्या आत कोटच बदलतो. तो कुठला गुप्तरोग करतो, हे त्यांनी नाशिकच्या भरल्या एसटीत खणखणीत आवाजात सांगितलं. आमच्या पुढच्या सीटवरचं नवं जोडपं तिकीट नाशिकचं असताना सिन्नरला उतरलं.

पण त्यांचा खरा जीव टीबीच्या जंतूवर. "त्याला पांढरी पेशी गिळती. म्हंजे पोलिसानं धरून चौकीत न्यावं तसं. तर ह्यो चौकीतच बिऱ्हाड करतो, पोलिसाच्याच डब्यातलं खातो आन् वर्षानुवर्षं गप पडून राहतो!" हे ते इतक्या कौतुकानं सांगत की ऐकणाऱ्याला त्या जंतूला जेवायला बोलवावंसं वाटे. ताई, म्हणजे त्यांच्या बायको आणि माझ्या मोठ्या मेहुणी, हे सगळं भाजी निवडत ऐकत. त्यांना काही कळत असेल असं आम्हां कुणाला वाटलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर साडूभाऊंना खोकला लागला. फोनवर मला त्यांनी फोडणीचा ठसका म्हणून सांगितलं, माझ्या बायकोला धुळीची ॲलर्जी, आणि श्रीरामपूरच्या त्यांच्या लेकीला भजनात घसा बसला म्हणून. ते भजनाला कधीच जात नाहीत. एवढे कोट माझ्यासमोर बदलले गेले, मी ती नाशिकची एसटी विसरलो नव्हतो, तरी माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. जानेवारीत आम्ही केडगावहून त्यांना भेटायला गेलो, तर थंडीत घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि साडूभाऊ एकटेच बाहेर ओट्यावर खुर्चीत ताट घेऊन बसलेले. पाठ धरल्यामुळे खाली बसवत नाही, म्हणाले. शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

जेवणं झाल्यावर ताई दोरीवरचा एक रुमाल घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे धरला. त्यावर राणी रंगाचा डाग होता.

"तुमच्या शर्टांवरचे रंग मी पस्तीस वर्सं घासलेत," ताई म्हणाल्या. "निळा जातो, जांभळा जातो. ह्यो जात न्हाई. ह्यो टीबी बघायला लावत्यात, तुमीच सांगितलंय. कुणाची थुंकी तपासली?"

"हाय एक नमुना."

"नाव काय त्याचं?"

ताईंनी पेटी आणून उघडली. शेवटच्या खाचेत एक काचपट्टी होती आणि तिला चिठ्ठी नव्हती.

"दादांना गोठ्यात ठेवलं हुतं," साडूभाऊ म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील. "त्यांचं जर्मलचं ताट येगळं. आई लांबून भाकर सरकवायची. मी सात वर्सांचा हुतो. माझं ताट येगळं झालेलं मला बघवलं नसतं गं."

"मी कुठं केलं?" ताई म्हणाल्या. "तुमीच केलंय, दोन महिन्यांपास्नं."

मी उगाच उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं आणि स्वतःचीही तपासणी करून घेतली. त्या लागणीतून सुटल्या होत्या. मग रोज सकाळी ताई गोळ्या हातावर ठेवायच्या आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायच्या. पस्तीस वर्षांत इतकं शिकलेला विद्यार्थी साडूभाऊंना कॉलेजात मिळाला नव्हता. डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हणून सांगितलं, त्याच दुपारी ताईंनी ओट्यावरची खुर्ची आत नेली आणि स्वैपाकघरात दोन ताटं शेजारी वाढली. साडूभाऊ त्या दिवशी जेवताना जंतूंबद्दल एक शब्द बोलले नाहीत, असं ताई सांगतात.

गोळ्या संपल्यावर मी गेलो, तेव्हा त्यांनी आपल्या थुंकीची नवी काचपट्टी लावून मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "बघा, कुणीच न्हाई," ते म्हणाले. पाहुणे गेल्यावर घर दाखवावं तसा त्यांचा आवाज होता. मी पाहिलं. सगळीकडे निळं होतं, टीबीच्या जंतूची राणी रंगाची एकही काडी नव्हती. काचपट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्या कडेच्या चिठ्ठीवर, सावकाश वळणदार अक्षरात, त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं.