शेवग्याच्या कोरड्या कुंड्या

माण तालुक्यातल्या आमच्या गावाला उन्हाळ्यात दोन दिवसांआड टँकर यायचा. वडील खडीच्या क्रशरवर, आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला. टँकरचा भोंगा वाजला की घरात जो असेल त्यानं घागर घेऊन पळायचं. त्यात माझी दहावीची एक पूर्वपरीक्षा गेली. तरीही मी सांगलीला एम.एस्सी.ला गेले. आमच्या घरातली कॉलेज पाहिलेली पहिली मीच, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

प्रकल्पाला विषय मिळाला तहानेचाच. पाणी तुटल्यावर शेवग्याच्या मुळात काय घडतं? वर पान हिरवंगार असतं, आणि खाली मूळ एक प्रथिन बनवायला लागलेलं असतं. पेशी सुकू लागली की ते बाकीच्या प्रथिनांना सांभाळतं. मूळ कुटून, त्यातली प्रथिनं जेलच्या पातळ थरातून विजेनं सरकवून वेगळी केली की त्या प्रथिनाची निळी पट्टी दिसायला हवी.

पहिल्या खेपेला पाणी तोडलेल्या बारा कोरड्या कुंड्यांपैकी चारांत पट्टीच नव्हती. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, सत्र संपायच्या आत आता एकदाच करता येईल. ते हुकलं तर वर्ष जाणार होतं, आणि घरचे स्थळं बघायला बसलेलेच होते.

दुसऱ्या खेपेला पुन्हा बारा कुंड्यांचं पाणी तोडलं आणि मी रोज सकाळी त्या वजनकाट्यावर ठेवायचे. सगळ्यांना सारखं ऊन मिळावं म्हणून जागाही बदलायचे. तर कधी ही कुंडी जड, कधी ती. कुणीतरी पाणी घालत होतं.

कुंड्या ठेवल्या होत्या त्या जाळीच्या शेडनेटची दुसरी किल्ली कॉलेजच्या शिपाईमामांकडे. बागेचा पाइपही त्यांच्याच हातात. मी त्यांच्या ओल्या चपला बघायला लागले. ते हसले तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. शेवटी कोरड्या कुंड्यांच्या मातीवर हळदीची रेघ मारून ठेवली. सकाळी दारातल्या कुंडीची रेघ धुऊन गेलेली. मी सरळ मामांना गाठलं आणि विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून करताय?

मामांनी पाइप खाली ठेवला. "आवं ताई, तुमीच घालताय की. रोज सांजंला कुलूप लावताना आईसंगं फोन चालू, आन् हातातली बाटली दारातल्या कुंडीत उलटी. मला वाटलं, तुमच्या शिक्षणातलंच काय तरी आसंल."

आमच्या घरात भांड्यात उरलेलं पाणी कुणी फेकत नाही; जवळचं झाड बघून त्याच्या बुडाशी ओततात. तो हात माझाच होता. फोनवर आईला मी रोज सांगत होते की कुणीतरी माझ्या कुंड्या बिघडवतंय.

मी हळदीच्या रेघेचं सांगून माफी मागितली. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आता माझ्यावर हळद टाकून बघू नगा, वय न्हाई राहिलं."

मॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या, पण जड झालेल्या तीन कुंड्या बाजूला काढून उरलेल्यांवर काम करू दिलं. ही चूकही मी अहवालात लिहिली.

नऊच्या नऊ कुंड्यांच्या मुळांत पट्टी आली. मी त्याच वर्षी प्रथम श्रेणीत एम.एस्सी. झाले.