डब्यात गेलेली लग्नं

फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. लोकांना वाटतं आमचं काम फोटो काढायचं. कसलं काय! निम्मा दिवस डिलीट झालेलं शोधण्यात जातो आणि उरलेला, ते कोणी डिलीट केलं यावर भांडण्यात.

यवतमाळात आमचा स्टुडिओ आहे. मालक पंजाबभाऊ, कॅमेऱ्यावर इरफान आणि कॉम्प्युटरवर एडिटिंगला मी. तिघांत कॉम्प्युटरबद्दल सगळ्यात जास्त बोलतात भाऊ, आणि सगळ्यात कमी कळतं तेही भाऊंनाच. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथंही सांगते.

* * *

मी नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. एके दिवशी भाऊ तणतणत माझ्या टेबलाशी आले.

"माह्या अल्बमच्या डिझाइनी कोनं उडवल्या?"

"कुठं ठेवल्या होत्या भाऊ?"

त्यांनी ठसक्यात स्क्रीनवर बोट ठेवलं. रिसायकल बिनवर!

"भाऊ, तो कचऱ्याचा डबा आहे!"

"मले इंग्रजी नको शिकवू, वैशाली. रिसायकल म्हंजे पुन्हा वापरनं. ह्या डिझाइनी मी दर लग्नाले पुन्हा वापरतो. मंग कुठं ठेवू?"

काढा आता यात चूक! बरं, मी त्या डब्याला हातही लावला नव्हता. डबा गच्च भरला की सॉफ्टवेअर आतल्या जुन्या फायली स्वतःच फेकायला लागतं, कोणालाही न विचारता. एरवी एखादं साधं चित्र उडवलं तरी 'नक्की का, नक्की का' म्हणून मागं लागणारं हे शहाणं, इथं मात्र अगदी मूग गिळून बसतं. हे सगळं मी भाऊंना समजावलं.

भाऊ म्हणाले, "म्हंजे आता कचऱ्यातूनबी चोऱ्या होऊन राह्यल्या!"

* * *

आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्यानं पक्ष बदलला. नाव कशाला घ्यायचं, बदलणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच दिवशी दोन कार्यकर्ते घेऊन स्टुडिओत हजर. जुन्या नेत्याच्या हातून सत्कार झाला होता, ते फोटो आमच्या कॉम्प्युटरवरून उडवायचे होते.

मी त्याच्यासमोर उडवले.

"डब्यातून बी काढ."

डबा रिकामा केला.

"आता परत येत नाही न? ते रिकव्हरी का काय असते म्हनते..."

मग मी त्या जागेवर दुसऱ्या फायली दोनदा लिहून, पुसून दाखवल्या. माणूस निवांत झाला. खुर्चीला टेकला, रुमालानं मान पुसली, चहा प्यायला. म्हणाला, "ताई, आता कोनाच्या बापाले सापडत नाही!"

तो गाडीत बसून गेल्यावर इरफाननं रस्त्यापलीकडं मान उडवली. चौकात त्याच सत्काराचं फ्लेक्स लागलेलं होतं. दुमजली. जुना नेता हार घालतोय आणि हे कमरेत वाकलेत. गाडी त्याच्याच खालून गेली.

* * *

भाऊंचे जावई पुण्यात आयटीत आहेत. सुटीत आले की आम्हाला सुधारून जातात. एकदा त्यांनी इरफानचा फोन, माझा कॉम्प्युटर आणि भाऊंचा लॅपटॉप इंटरनेटवरून एकमेकांना जोडून दिले. "आता फोटो कायम तीन ठिकाणी राहणार. काहीही झालं तरी जाणार नाहीत!" भाऊंनी जावयाकडं असं पाहिलं, जणू मुलगी दिल्याचं सार्थक झालं.

जावई पुण्याला पोचायच्या आत इरफानच्या फोनमधली जागा संपली. त्यानं राळेगावच्या लग्नाचे फोटो फोनमधून काढून टाकले. बाकी दोन ठिकाणी आहेतच की! दोन मिनिटांत माझ्याकडचे गेले, मग भाऊंकडचे गेले.

भाऊंनी फोन लावला. जावई शांतपणे म्हणाले, "मामा, हा बॅकअप नाही, सिंक आहे. एकीकडं डिलीट केलं की सगळीकडं होतं. सिस्टिम बरोबर काम करते आहे."

"अहो, फोटो गेले न पन!"

"हो. अगदी बरोबर गेले."

शेवटी ते फोटो इंटरनेटवरच्या कचऱ्यात सापडले. तिथंही एक डबा असतो, हे सांगायचं मात्र जावई विसरले होते.

* * *

ढाणकीच्या लग्नाचं कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड भाऊंनी कॉपी न करता फॉरमॅट केलं. "इतलं मोठं लग्न असं एका बटनानं जाते कसं?" हा प्रश्न त्यांनी आम्हालाच विचारला.

मी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. ते तर उत्साहाच्या भरात त्या कार्डावरून आधी येऊन गेलेली लग्नंही उकरून घेऊन आलं! नावं नाहीत, तारखा नाहीत, सगळ्या नवऱ्या आणि सगळे मामा एकाच फोल्डरात. मी म्हटलं, निवडायला वेळ द्या. भाऊंना घाई. त्यांनी नवरा-नवरी तेवढे ओळखून घेतले आणि पाहुण्यांची पानं हाती आले त्या फोटोंनी भरली.

अल्बम द्यायला इरफान गेला होता. तो परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आला तो हसत.

"ताई, लय खुश झाले! परक्या मानसाईचे फोटो पाहून नवरीकडचे म्हने, हे तिकडचे. नवरदेवाकडचे म्हने, हे तुमच्याकडचे. अन् एक आत्या तं एकाले पाहून रडलीच. म्हने, किती वाळला गं हा!"

* * *

भाऊंनी एकदा मला मेसेज टाकला, 'नवरदेवाचे गाल लय सुजेल दिसते, कमी कर.' गेला तो नवरदेवाच्या घरच्या ग्रुपवर. मी ओरडले, "भाऊ, डिलीट करा!" त्यांनी घाईघाईत केला, पण 'फक्त माझ्यासाठी' या बटणानं.

"गेला न! मले तं आता दिसून नाही राह्यला."

तेवढ्यात नवरदेवाच्या आईचं उत्तर आलं. 'करा कमी भाऊ, पन बापासारखे दिसू द्या.'

* * *

लोहाऱ्याच्या वानखडे काकांच्या मुलीचं लग्न आम्ही उन्हाळ्यात शूट केलं होतं. पावसाळ्यात काकू अचानक गेल्या. नंतर काका आणि मुलगी स्टुडिओत आले.

मुलगी म्हणाली, "व्हिडिओत आई दिसते. पण तिचा आवाज कुठंच नाही."

असणार कसा? आमच्या व्हिडिओत पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी. माणूस बोलताना दिसला की आवाज बंद, हा भाऊंचा नियम. आणि कोणी कॅमेरामनशीच बोललं, तर तो तुकडा सरळ डिलीट. भाऊ त्याला 'खराब माल' म्हणतात.

"कार्डं तं कवाचीच फॉरमॅट झाली हो," भाऊ म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला. दुसरं काय येतं त्यांना!

मी डबा उघडला. त्या लग्नाचा खराब माल अजून तिथंच होता. एकेक तुकडा उघडून पाहत गेले. एका ठिकाणी काकू दिसल्या. राइट क्लिक, रिस्टोर. फाईल मुकाट्यानं आपल्या जुन्या फोल्डरात जाऊन बसली.

विहाराच्या हॉलमागं स्वयंपाक चाललेला. काकूंच्या हातात वाढायची बादली. कॅमेरा जवळ आला तशा त्या हसल्या आणि त्यांनी पंजा आडवा धरला.

"माहा फोटो कायले काढून राह्यला बापू? सकाळपासून पाहून राह्यली मी, पान्याचा घोट नाही तुह्या पोटात. ठेव ते डबडं बाजूले. पह्यले जेवून घे."

मग जमीन दिसली, इरफानचे बूट दिसले आणि संपलं.

मुलीनं ओढणी तोंडाशी धरली. काकांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. भाऊ चहाचा कप हातात घेऊन तसेच उभे होते.

काका इरफानकडं वळले.

"मंग जेवला होता का तू?"

इरफाननं मान खाली घातली. "नाही काका. तेवढ्यात नवरदेव आलता गेटवर."

काका उठले. चपला घातल्या. येऊन त्यांनी इरफानचं मनगट धरलं.

"चाल घरी."

"आत्ता? काका, दुकान..."

"तिनं सांगतलं न तुले! चाल."