मॅनिटोबाचं मतदान, मुक्काम खलिफा सिटी

अबुधाबीच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि दमट उन्हानं चष्म्यावर अशी वाफ धरली की समोर हात हलवणारा माझा धाकटा भाऊ मला नुसता पांढरा ठिपका दिसला. "ताई, यल्ला (चल लवकर), गाडी लांब लावलीय," म्हणत मिलिंदनं बॅग ओढली. चिपळूणला मी एकटी असते. मिलिंद, त्याची बायको केतकी आणि लेक इरा यांनी आता घरी परत यावं, एवढंच सांगायला मी निघाले होते.

खलिफा सिटीतल्या त्यांच्या घरी पानात डाळिंब्यांची उसळ होती, पण वाढलं गेलं ते कॅनडाचं राजकारण! मिलिंदनं मॅनिटोबात कायमचं राहायला अर्ज केलेला. तिथे प्रांतानं निवडावं लागतं, म्हणून याला तिथल्या मुख्यमंत्र्यांची सर्दीसुद्धा ठाऊक. शेजारच्या कुलकर्ण्यांचा अर्ज अल्बर्टाला. दोघंही आपापल्या प्रांताची बाजू सासुरवाडीची घ्यावी तशी घेत होते.

ऐकून ऐकून माझ्या डोक्यात एवढं शिरलं : प्रांत म्हणतो, दवाखान्यात डॉक्टर नाहीत कारण केंद्र पैसे देत नाही. केंद्र म्हणतं, आधी दिलेल्याचं काय केलंत? एकाला आपलं तेल नळातून समुद्रापर्यंत न्यायचंय, दुसरा म्हणतो माझ्या अंगणातून नको. आणि कुलकर्ण्यांच्या अल्बर्टात अधूनमधून कोणीतरी रुसून वेगळं व्हायचं म्हणतं.

"अरे, हे सगळं मी पंचायत समितीत तीस वर्षं टाइप केलंय," मी म्हटलं. "फक्त बर्फ नव्हता."

"ताई, तिथले नेते एकमेकांना सॉरी म्हणतात!"

"मग कामं कधी करतात?"

"आत्या, इट्स सीरियस, ओके?" इरा म्हणाली. पंधरा वर्षांची आहे, पण हसत नाही पटकन.

दुसऱ्या दिवशी दुबई मरीना. वर बघता बघता मान अवघडली. उंच इमारतींच्या सावल्या पाण्यात, मधून पांढऱ्या बोटी. मिलिंद पार्किंगचं बघायला गेला तेव्हा मी कडक (दाट दुधाचा चहा) घेतला. दोन दिरहम, म्हणजे पन्नास रुपयांच्या घरात. "बाई गं!" मी मोठ्यानंच म्हणाले. शेजारी हेल्मेट काखेत धरून एक साइटवरचा माणूस उभा होता. मराठी ऐकून वळला. गुहागरचा निघाला.

"भावाला न्यायला आलात?" त्यानं सरळच विचारलं.

मी दचकले. "कशावरून?"

"माझी बहीण आली होती. तीपण मी दिसेनासा होईपर्यंत अशीच बघायची."

"मग? गेलात का?"

"नाही ना. तिनं विचारलंच नाही."

परतीच्या वाटेवर मी दहा वेळा तोंड उघडलं. दहाही वेळा मिलिंदनं एसी वाढवला. त्याला वाटलं मला उकडतंय.

घरी आलो तर मॅनिटोबाचं पत्र. निवड झाली होती. आठवड्यात हो किंवा नाही कळवायचं. मिलिंदनं पत्र तीनदा वाचलं आणि टीव्ही लावला. स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडता निवडता केतकी हळूच म्हणाली, "ताई, यांचं काँट्रॅक्ट संपतंय. माझं नर्सिंगचं शिक्षण अठरा वर्षं ट्रंकेत आहे. तिथे परीक्षा दिली तर काम मिळेल मला." तिचे डोळे भरले होते. मी कोथिंबिरीची दुसरी जुडी पुढे ओढली.

या मंडळींचा एक रिवाज आहे. कॅनडाच्या ज्या प्रांतात निवडणूक असेल, तिचं मतदान हे इथे शनिवारी पोह्यांसोबत करतात. स्टीलचा डबा, चिठ्ठ्या, बोटाला मार्करची शाई. इथे यांना मत नाही, गावच्या यादीतून नावं कधीच गळालेली, आणि कॅनडा अजून लांब. मिलिंदनं खरं मत जन्मात दिलेलं नाही. त्या शनिवारी निवडणूक कुठेच नव्हती. कुलकर्णी म्हणाले, "मग घरचीच घेऊ. जायचं की नको?"

"चार मतदार," केतकी म्हणाली. "आम्ही तिघं आणि ताई. त्या थोरल्या, त्यांचं मत हवंच."

चिठ्ठी हातात आली. 'नको' लिहायलाच तर मी समुद्र ओलांडला होता. पण समोर केतकी शाई लावलेलं बोट पदराला लागू नये म्हणून उंच धरून बसली होती. मी लिहिलं, 'जा'.

कुलकर्ण्यांनी डबा उघडला. तीन 'जा', एक 'नको'. टाळ्या पडल्या. मिलिंदच्या सगळ्यात जोरात. केतकीनं मला घट्ट मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला टेबलावरची ती 'नको'ची चिठ्ठी दिसली. ते अक्षर मिलिंदचं. पाटीवर मीच गिरवून घेतलेलं.

विमानतळावर त्यानं विचारलं, "ताई, तू काय लिहिलं होतंस गं?"

"गुप्त असतं रे मतदान."

तो हसला आणि वाकून पाया पडला.

विमानात मी पदर तोंडाला लावून रडले. ते आता मॅनिटोबातल्या विनिपेगला जातील, केतकी पुन्हा गणवेश घालेल. त्याचा मला खरंच आनंद आहे. पण माझी चिठ्ठी 'नको' असती तर दोन-दोन झालं असतं. मग मिलिंदनं नक्की माझ्याकडे बघितलं असतं, आणि आम्ही बोललो असतो.