बिनगाठीची दोरी

हे गेल्याची बातमी मला ठकूबाईच्या मागून कळली. कळणारच, कारण हे गेले तेच मुळी तिच्या ओट्यावर. दुपारची शाळा सुटली, अंगात कोट चढवला, "वरच्या वाडीला जाऊन येतो, गंगीच्या आईला एक सांगायचंय," एवढं म्हणाले आणि पायऱ्या उतरले. मी तांदूळ निवडत होते. नेहमीप्रमाणे "या" म्हटलं, तेही मान वर न करता. मग ठकूबाईचा थोरला धोंडी, आता स्वतः लेकराबाळांचा धनी झालेला, अनवाणी धावत खाली आला आणि दारात उभा राहून नुसताच रडायला लागला... मी वर पोचले तेव्हा सारी वाडी जमली होती. ह्यांना घोंगडीवर निजवलं होतं आणि उशाशी ठकूबाई. "म्या पानी दिलं वो बाई, दोन घोट घेतलं आन मान टाकली," असं म्हणत ती ऊर बडवत होती. मला रडू आलं, पण त्याच्या आधी मनात आलं ते हे, की शेवटचं पाणी माझ्या हातचं हवं होतं, आणि तेही हिनंच मिळवलं. वाचणाऱ्यांना माझ्याविषयी काय वाटायचं ते वाटो. ज्या बाईचा हेवा करण्यात माझा सारा संसार गेला, तिचा हेवा त्या एका घटकेपुरता तरी कसा सुटावा?

चार दिवसांनी ती भेटायला आली तेव्हा मी तिला पहिला प्रश्न हाच विचारला, की शेवटी काय बोलले. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "म्हनलं, ठकूबाई, तुजी गंगी आता जोडाक्षरं न अडखळता वाचती. लई ब्येस झालं. आन मंग म्हनलं, जरा पानी दे." म्हणजे जाता जाता तोंडात नाव आलं तेही तिच्याच धाकट्या लेकीचं. मी तिला गूळपाणी दिलं आणि आत जाऊन चुलीपाशी बसले.

पुरवणीसाठी मास्तरांच्या आठवणी लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला. त्यांना बहुधा ह्यांचा त्याग, सेवा असलं काही हवं असेल. ते दुसरे कुणी लिहितील. भाषणं करणारे पुष्कळ आहेत. मला जे ठाऊक आहे ते मी लिहिते.

मी भोरची. वडिलांनी हौसेनं मराठी चौथीपर्यंत शिकवलं आणि लग्न करून वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या ह्या गावी पाठवलं. नसरापूरपर्यंत मोटार, तिथून पुढं बैलगाडी, आणि गाडी जिथं थांबते तिथून पायी. शाळा एका खोलीची. तिला लागूनच आमचं बिऱ्हाड, मधे फक्त कुडाची भिंत, तीही वरून उघडी. पलीकडे कुणी शिंकलं तरी माझ्या चुलीपाशी ऐकू येई. भोरात वाढलेल्या मुलीला ह्यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं, पण नवरा शांत होता, निर्व्यसनी होता, आणि संध्याकाळी घरी असेल अशी माझी समजूत होती. ती समजूत पहिल्याच महिन्यात खोटी ठरली. दिवे लागायच्या वेळेला, बाया रानातून परतल्या की ह्यांची स्वारी बाहेर. कुठं? तर पोरांच्या आयांना भेटायला!

ह्यांचं म्हणणं असं की पोर शाळेत काय शिकलं हे आईला कळलं नाही तर ते शिकणं उंबऱ्याशीच राहतं. बाप बैलांमागं, त्याला सवड नाही. पोर असतं ते आईच्या पायात पायात. म्हणून आईला सांगायचं. पहिल्या पहिल्यांदा मास्तर दारात दिसले की लोक हबकत. ठकूबाईनं तर ह्यांना वाट चढताना पाहिलं आणि हे बोलायच्या आत धोंडीला धरून दोन धपाटे घातले, "काय केलंस रं मुडद्या, सांग!" हे ओट्यावर बसले आणि म्हणाले, "अगं, त्यानं काही केलं नाही. त्याला आज तिनाचा पाढा आला, ते सांगायला आलोय." ठकूबाई म्हणे बघतच राहिली. मास्तर घरी येतो तो तक्रार घेऊन, हेच तिला माहीत. मग तिनं धोंडीला जवळ ओढून त्याच पाठीवरून हात फिरवला आणि ह्यांना चहा केला. गुळाचा, बिनदुधाचा. तो चहा ह्यांना इतका आवडला की घरी येऊन मला वर्णन करून सांगितला. मी म्हटलं, "माझा दुधाचा असतो, म्हणून कौतुक नाही." हे हसले. ह्यांना हसायला येई, तिथंच माझं पित्त खवळे.

मग निघाल्या दोऱ्या. घायपाताच्या वाखाची हातभर दोरी, प्रत्येक पोराला एक. नवा पाढा, नवी कविता, जे काही पक्कं झालं त्याची एक गाठ हे स्वतः मारून देत. पोरानं दोरी घरी न्यायची आणि जात्याजवळच्या खुंटीला अडकवायची. पहाटे दळताना आईनं एकेका गाठीला बोट लावायचं आणि पोरानं ते ते म्हणून दाखवायचं. "आमास्नी काय कळतंय त्यातलं, मास्तर?" असं बायांनी विचारलं तर हे म्हणत, "बरोबर काय ते माझ्यावर सोडा. पण पोरगं अडखळलं तर तुम्हाला कळतं की नाही?" ते मात्र साऱ्यांना कळत होतं. ज्या गाठीशी पोर अडलं तिच्यात आईनं चिंधी बांधायची आणि दोरी शाळेत परत पाठवायची. मास्तरांनी ते पुन्हा शिकवायचं, चिंधी सोडायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी मास्तरला धाडलेला निरोपच तो.

कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी कोट खुंटीला टांगायला घ्यावा आणि खिशातून कुणाकुणाच्या लुगड्यांच्या चिंध्या निघाव्यात, हे कुठल्या बायकोला सोसेल? हिरवी, जांभळी, कुणाची चौकड्याची. हे त्या ओळीनं मांडीवर मांडत आणि कौतुकानं म्हणत, "ही बघ, ठकूबाईची. सहाच्या पाढ्याशी धोंडी अडला. अगदी नेमक्या जागी बांधलीय." दुसऱ्या बायकांना एक सवत असली तर असते. मला साऱ्या खोऱ्यातल्या आया सवती होत्या, आणि ठकूबाई त्यांतली पाटराणी.

हेही मी गिळलं असतं. पण आमची मनू शाळेत बसायला लागली आणि माझा धीर सुटला. ताटावर बसले की हे सांगत: अमक्याच्या पोराला वजाबाकी जमली, तमक्याची पोर कविता गाते. गावातल्या प्रत्येक पोराची खबर माझ्या कानावर, आणि मनूचं नाव नाही. मी वाट बघे. वरण वाढायचं निमित्त करून मनूकडे बघे, की आता निघेल तिचा विषय... तो निघत नसे. शेवटी एकदा मीच म्हटलं, "आमच्या मनूला दोरी कधी मिळायची?" हे म्हणाले, "तुला कशाला दोरी? तुला वाचता येतं. मनूची पाटी बघ की."

पाटी बघ की! पाटीवर काय लिहिलंय ते मला दिसत होतं. मला पाटी वाचायची नव्हती, मला सांगितलेलं हवं होतं. ठकूबाईच्या ओट्यावर जसे बसत, तसं माझ्यासमोर बसावं आणि म्हणावं, "अगं, तुझ्या मनूला आज अमुक आलं." चार बुकं शिकल्याचा हा दंड असेल तर नको होतं मला ते शिकणं.

दुसऱ्या दिवशी मी एक वाखाची दोरी घेतली, गाठ नसलेली. माझ्या माहेरच्या इरकली लुगड्याचा डाळिंबी काठ टोकाशी विरला होता, तो टरकन फाडला, चिंधी दोरीला बांधली आणि दोरी ह्यांच्या खिशात सारली. म्हटलं, आता तरी समजेल. संध्याकाळपर्यंत मी दर थोड्या वेळानं आरशात बघून घेत होते. अन् ह्यांनी काय करावं? ती दोरी शाळेत सगळ्या पोरांना दाखवली. "कुणाची रे ही?" कुणीच ओळखेना. मग दारोदार नेली. दिवे लागून गेल्यावर परत आले आणि दारातच चेहरा पाडून उभे. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "ठकूबाईनं ओळखली." ती म्हणे चिंधी हातात घेताच म्हणाली, "अवो मास्तर, ही तर तुमच्या घरातली! दिवाळीला बाईंनी नेसलं व्हतं न्हवं, त्या लुगड्याची."

ज्या लुगड्यात मी बोहल्यानंतरची पहिली दिवाळी केली, ते नवऱ्यानं ओळखलं नाही आणि ठकूबाईनं ओळखलं. त्या रात्री मी जेवण वाढलं आणि हे जेवत असतानाच भांडी घासायला घेतली. गाठ नसलेली ती दोरी तेवढी ह्यांनी देवळीत ठेवून दिली.

त्याच सुमारास ह्यांनी मनूला एक नवाच जाच सुरू केला. सकाळी मी भाकऱ्या थापायला बसे त्या वेळेला पलीकडे मनूची पाळी येई, आणि हे तिला ओरडत, "मोठ्यानं म्हण." ती म्हणे. "आणखी मोठ्यानं." पोरीचा आवाज फाटे. दुसऱ्या कुणाला असं सांगत नसत, फक्त तिला. मला वाटे, माझ्यावरचा राग हे पोरीवर काढतायत. हातातली भाकरी तशीच ठेवून मी भिंतीकडे तोंड करून ऐकत राही आणि मनात चरफडे. मनू सारं धडाधड म्हणून टाकी. तेवढं झालं की हे म्हणत, "बस खाली." शाबासकीचा एक शब्द नाही. हे असं तिची चौथी संपेपर्यंत चाललं. पुढं मनू भोरला माझ्या माहेरी शिकायला गेली, तिथंच तिचं लग्न झालं, आणि तो विषय माझ्या मनात तसाच अढी होऊन राहिला. दुखण्याखुपण्यात, लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना तेव्हा, हे अंधारात ठेचकाळत वाड्यांवर जात तेव्हासुद्धा मी म्हणे, "जा, सगळ्या गावाला सांगा. घरातल्यांना सांगू नका."

तेराव्यानंतर मनू थोडे दिवस राहिली. एकदा दोघीच चुलीपाशी होतो. मी भाकऱ्या थापत होते आणि तोंडानं माझं नेहमीचं चाललं होतं, की मेल्या ठकूबाईला शेवटचा शब्द मिळाला, मला आयुष्यात एक दोरी मिळाली नाही, आणि वर माझ्या लेकरावर ओरडणं... मनू मधेच म्हणाली, "आई, ते माझ्यावर कुठं ओरडायचे?"

"मग? मोठ्यानं म्हण, मोठ्यानं म्हण, हे काय होतं?"

ती म्हणाली, "म्हणजे तुला बाबांनी कधी सांगितलंच नाही? तू ती चिंधी बांधली होतीस ना, दुसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, तुझ्या आईला दोरी नको, तिला भिंतीतून ऐकू येतं. तू नवीन शिकलीस की तिला ऐकवायचं. ती भाकऱ्या थापत असते. थापायचा आवाज थांबला की समजायचं, आईनं ऐकलं. तोवर मोठ्यानं म्हणायचं." मग ती हसली आणि तिचेच डोळे भरले. "तुझा हात थांबला की बाबा खूष व्हायचे गं. मला बोटानं खूण करायचे, ऐक, थांबली. मग म्हणायचे, बस खाली."

माझा हात त्या वेळीही थांबलाच होता. मी रागानं थांबत होते, आणि पलीकडे हे खूष होत होते... इतकी वर्षं! एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? पण ह्यांचं बोलणं सारं दुसऱ्यांच्या ओट्यावर संपून जाई, हे मीच म्हणत आले. देवळीत हात घातला तर ती दोरी होती. वाख काळा पडलाय, डाळिंबी काठ अजून तसाच आहे. आता ती मी चुलीशेजारच्या खुंटीला अडकवलीय.

शाळेवर नवीन मास्तर आलेत. तरुण आहेत, शिकवतात बरं, पण आवाज फार हळू. सकाळी मी भाकरी थापायला बसते आणि मधेच माझा हात थांबतो. पलीकडे कुणी काही म्हणत नसतं. तवा तापून धुरकटतो, मग मी भानावर येते.

ठकूबाईवरचा माझा राग गेला असं कुणी समजू नये. पाणी तिनं पाजलं, शेवटचा शब्द तिनं ऐकला. ते मी विसरणार नाही. पण तिच्या ओट्यावर हे अधूनमधून जात, आणि मला रोज सकाळी सांगत होते, हे तिला कळायला हवं. तिला वाचता येत नाही. गंगीला येतं, जोडाक्षरंसुद्धा, न अडखळता. ह्यांनीच जाता जाता ग्वाही दिलीय. म्हणून हा अंक मी धोंडीच्या हाती वरच्या वाडीला पाठवतेय. गंगे, तुझी आई पहाटे दळायला बसली की हे वाच. आणि मोठ्यानं वाच. तिचं जातं थांबलं पाहिजे.