शाळेच्या दारातली चूळ

माझ्या भावाच्या मास्तरांना जाऊन जमाना झाला, पण त्यांचा विषय निघाला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही कळव्याचे कोळी. भाऊ रोज होडीने खाडी ओलांडून ठाण्याच्या शाळेत जायचा. इंग्रजी शिकून कचेरीत लागायचं होतं ना! शाळेत बोलायचं ते पुस्तकातलं मराठी, नाहीतर इंग्रजी. घरची बोली चुकून तोंडातून निघाली, की मास्तर दाराकडे बोट दाखवायचे. तिथे पाण्याचं मडकं ठेवलेलं. सगळ्या वर्गासमोर चूळ भरायची, मग आत यायचं. तोंड बाटलं म्हणे!

ही सवय त्याच्या अंगात इतकी भिनली, की घरीही तेच सुरू झालं. आईशी चार शब्द बोलला, की उठून पडवीत चूळ. आईला आधी वाटलं, जेवणातच काही बिघडलं.

"काय रं, कालवन खारट झालाय काय?" तिनं विचारलं.

त्यानं खरं काय ते सांगितलं. सांगायचं तरी कशाला मेल्यानं!

आई रडली नाही, ओरडली नाही. "मंग मी नाय बोलत तुज्याशी. तू सायब हो," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याच्यापुरती मुकी झाली. जेवायला बोलवायचं तर ताट वाजवायची. तो शाळेला निघाला की काठावर उभी राहून नुसता हात हलवायची. माझ्याशी मात्र दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. भाऊ दाराआड उभा राहून ते ऐकायचा, मी पाहिलंय.

मग गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. आईच्या काखेत गाठ दिसली, तेव्हाच आम्ही समजलो. भाऊ तिच्या उशाशी बसला.

"आये, मना हाक मार गो. एकदा तरी." आमच्याच बोलीत, हुंदके देत. किती दिवसांनी!

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं तापलेला हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला, बोलू नको म्हणून. सकाळी ती गेली.

पुरुष स्मशानातून परतले तेव्हा मी दारात कडुनिंबाचा पाला आणि पाणी घेऊन उभी होते. पाला चावायचा, थुंकायचा, चूळ भरायची, मग घरात यायचं, ही आमची रीत. सगळ्यांनी केलं. भाऊ पाला चावत तांब्यासमोर नुसताच उभा.

"चूळ भर रं पोरा," काका म्हणाला.

त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि तो कडू पाला गिळून टाकला.