न विचारता घेतलेलं वाक्य

निलेश गेल्याचं त्याच्या वडिलांनीच फोन करून कळवलं. पाटसजवळ, हायवेवर, मोटारसायकल घसरून… "तुला सांगावं वाटलं," एवढंच म्हणाले. आठ महिन्यांत आप्पा माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते.

कारेगावात आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. नववीच्या सहामाहीत निलेश नापास झाला. त्यानं केस वाढवून लाल रंगवले होते. आप्पांनी त्याला चाळीच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत बसवून ते कात्रीनं कापले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळा बुडवून एसटीनं दौंड स्टेशनवर गेलो. पळून जायचं होतं, पण कुठं ते ठरेना. दुपारभर बाकावर बसून राहिलो. तो म्हणाला, "केसाचं काय न्हाई गं. पण आप्पा हसत हुते." मग म्हणाला, "कुणाला सांगू नको." दिवस मावळायच्या आत घरी परतलो.

दहा वर्षांनी मी आमच्यासारख्या मुलांवर सिनेमा केला. त्यात ते अंगण घेतलं, हसणारा बाप घेतला, निलेशचं ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. त्याला विचारलं नाही. उलट शिरूरच्या खेळाला बापलेकांना कौतुकानं पुढच्या रांगेत बसवलं. तो प्रसंग आला आणि आप्पा उठून गेले. निलेश शेवटपर्यंत बसला. बाहेर येऊन म्हणाला, "विचारलं असतंस तर हो म्हणलो असतो की." माफी मागायला मी फोन करणार होते… आज करू, उद्या करू.

दहाव्यानंतर मी त्यांच्या खोलीवर गेले. आप्पा म्हणाले, "तो पिच्चर हाय का मोबाइलमधी?"

मी लावून दिला. तो प्रसंग, ते वाक्य येईपर्यंत, त्यांनी तीनदा पाहिला.

"हे त्यो बोल्लेला, का तू लिवलंस?"

खोटं बोलता आलं असतं. "त्योच बोल्लेला, आप्पा."

त्यांनी मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला.

"मी हसत नव्हतो, पोरी. केस कापता कापता रडू यायला लागलं. सगळी बघत हुती. म्हणून दात दाबून धरलं… ते तसं दिसलं असंल." मोबाइल माझ्या हातात ठेवत म्हणाले, "त्याला सांगायचं ऱ्हाईलं."

सिनेमा अजून गावोगाव दाखवतात. पडद्यावरचा बाप प्रत्येक खेळाला हसतो. त्याला तसं हसायला मीच सांगितलं होतं.