सुमीची हाक राहिली

अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, झाडू मारायचा, खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि घरी जायचं. पण किस्से साचतात हो! कढईच्या बुडाला काळं धरतं तसे. कितीही घासा, थोडे राहतातच. आशागडच्या पुढं, गुजरातच्या हद्दीजवळ आमचा पाडा. सेविका ताई शिकलेली, मी चौथी पास. ती लिहिते, मी ओरडते. असं आमचं चालतं.

*

सुमी म्हणजे रमकीची धाकटी. अंगणवाडीतली सगळ्यात हलकी पोर. वजनकाट्याला लटकवली तर काटा हलायला लाजायचा!

ताई म्हणाली, "रमकी, ही तक्त्यावरच्या लाल रेघेखाली गेलीय. आता खाणं सुटलं तर पोर हातची जाईल."

पुढच्या महिन्यात वजन एकदम वाढलं. ताई खूश! मी सुमीला उतरवायला गेले, तर तिच्या फ्रॉकातून दगड सुटला तो थेट माझ्या अंगठ्यावर.

"रमके, हे काय गं?"

"ताईला बरं वाटावं म्हणून."

"मग उद्यापासून दगडालाच खिचडी वाढते!"

रमकी हसली नाही. पोरीला छातीशी धरून बसली नुसती. तेव्हा मला कळलं, घाबरलीय ती.

*

तालुक्याहून एक मॅडम आल्या. मोठ्या मुलींना जीवन कौशल्यं शिकवायला. सरकारची योजनाच आहे तशी. म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा. मोठेपणी तुम्ही कुठं आहात ते बघा."

एकीला दिसलं, ती नर्स झालीय. एक वापीला कंपनीत. सुमी मावसबहिणीच्या मांडीवर होती, तिनंही डोळे मिटले.

"तुला काय दिसतं, बाळ?" मॅडमनी कौतुकानं विचारलं.

"मी हितंच बसलेय. आय टेंपोत बसून गेली."

मॅडम हसल्या. मी नाही हसले.

*

आमच्याकडं एक रीत आहे. लहान पोराला कुठूनही उचलून नेलं की मागं वळून त्याच्या नावानं हाक मारायची, "चल गं, घरी चल!" नाहीतर पोर येतं आणि जीव तिथंच खेळत राहतो. ताई याला अंधश्रद्धा म्हणते. पण स्टँडवरून स्वतःच्या पोराला नेताना तिचे ओठ हलतात. बघितलंय मी!

दिवाळी झाली आणि वीटभट्टीवर जायचा टेंपो आला. ताईनं रमकीच्या हातात स्थलांतराचं कार्ड दिलं. "तिथल्या अंगणवाडीत दाखव, सुमीचा आहार चालू राहील." ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. रमकीनं जेवत्या पोरीला ताटावरून उचललं आणि पळाली.

मी ओरडले, "रमके, हाक मार की!"

"टेंपो सुटंल, मावशी!"

गेली. ताट तसंच राहिलं, अर्धं.

*

हजेरीचं नवीन ॲप आलंय. पोरांवर मोबाइल धरला की प्रत्येक तोंडाभोवती हिरवा चौकोन येतो, पोरानं डोळे मिचकावले की हजेरी लागते. सुपरवायझर मॅडम शिकवत होत्या. पोरं ओळीनं बसलेली, भिंतीकडची सुमीची जागा रिकामी.

त्या रिकाम्या जागेवर चौकोन आला.

मॅडमनी मोबाइल पुसला. पुन्हा धरला. पुन्हा आला. खाली अक्षरं उमटली. ताईनं वाचलं, "डोळे मिचकावा."

मॅडम म्हणाल्या, "गुजरातची रेंज पकडली असेल."

"म्हणून काय गुजरातची पोरं इथं दिसतात?"

तेवढ्यात चौकोनाला बरोबरची खूण आली. कुणीतरी डोळे मिचकावले होते! मॅडम चहा न घेता गेल्या.

*

त्यानंतर मी सुमीच्या जागी रोज ताट मांडायला लागले. का ते विचारू नका. ताईनंही नाही विचारलं. एक मांजर यायला लागली, काळी, एक कान तुटलेली. पाड्यावर आधी कधी दिसली नव्हती. ती त्या ताटातलं खायची, पण एका बाजूचंच. दुसरी बाजू कुणासाठी तरी सोडल्यासारखी.

मग रमकीचा फोन आला. रडत होती. "मावशी, अंगणवाडीचं सगळं मिळतंय, पण सुमी घास गिळत नाही. बोलत नाही. नुसती दाराकडं बघते. डॉक्टर म्हणतो, आता आशा धरू नका."

"तो कोण सांगणारा! हाक मारली नव्हतीस तू! मार आत्ता!"

मी मोबाइल स्पीकरवर टाकला आणि ताटाशेजारी जमिनीवर ठेवला. भर दुपार, पोरं घरी गेलेली. रमकीचा आवाज खोलीभर झाला, "चल गं सुमे! घरी चल, माझ्याकडं चल!"

मांजरीनं मान वर केली. दाराकडं बघत राहिली, कुणी बाहेर जाताना बघावं तशी. मग तीही उठली आणि गेली. परत कधी आली नाही.

ताई कोपऱ्यात उभी होती. अंधश्रद्धा म्हणाली नाही.

संध्याकाळी रमकीचा फोन. "मावशी, भात मागितला तिनं!"

*

भट्ट्या बंद झाल्या तशी माणसं पाड्यावर परतली. सुमी अंगणवाडीत आली ती गाल फुगवून. काट्यावर टांगली, लाल रेघेच्या चांगली वर! या वेळी फ्रॉक मी आधीच झाडून घेतला होता.

पोरगी सरळ भिंतीकडच्या जागेवर जाऊन बसली. मी ताट वाढलं. तिनं हातानं भाताचे दोन भाग केले, एक स्वतःकडं ओढला आणि इकडंतिकडं बघायला लागली.

"काय हवं गं?"

"मावशी, ती कानतुटी कुठंय? ती आल्याबिगर मी जेवत नाय ना!"